जुना लॅपटॉप घरीं उघडावा काय?

पितळेच्या भांड्यांचे दिवस ज्यांनीं पाहिले आहेत त्यांना आठवत असेल कीं, भांडें घासणें हें घरचें काम होतें. चिंच आणि राख यांवर तें भागत असे. कल्हई मात्र घरीं कोणी करीत नसे. कल्हईवाला दारावर येई, भाता मांडी, नवसागराचा धूर अंगणभर पसरे, आणि मुलें नाक धरून तो सोहळा पाहात उभीं राहात. आपली हद्द कोठें संपते व त्याची कोठें सुरू होते, हें कोणत्याहि गृहिणीला सांगावें लागत नसे. लॅपटॉप आपल्या घरांतून आतां चांगला रुळला आहे. पण त्याच्या बाबतींत ही हद्द अद्यापि कोणी आंखलेली दिसत नाहीं. घरांतील एक पक्ष त्याला हात लावावयास भितो. आणि दुसरा पक्ष, जो बहुधा सोळा-सतरा वर्षांचा असतो, तो स्वयंपाकघरांतील सुरी घेऊन त्याचें झांकण उचकटूं पाहतो.

माझ्यापुढें हा प्रश्न आला तो २०२५ च्या दिवाळींत. भाऊबिजेसाठीं मी नांदेडहून लातुरास आमच्या अक्काकडे गेलों होतों. ओवाळणें झालें, फराळ झाला, आणि अक्कानें कपाटांतून दोन लॅपटॉप काढून माझ्यापुढें ठेविले. पहिला २०१३ सालचा, आमच्या मेहुण्यांचा. ते लातुरांतच एका महाविद्यालयांत शिकवीत असत. २०२१ च्या एप्रिलांत करोनाच्या दुसऱ्या लाटेंत ते गेले. दुसरा २०२० सालचा. शाळा बंद होऊन वर्ग पडद्यावर भरूं लागले तेव्हां घाईघाईनें घेतलेला. पहिला सुरूच होत नव्हता. दुसरा सुरू होई, परंतु तो जागा होईपर्यंत चहा होऊन थंड होई, आणि त्याचें झांकणहि नीट मिटत नव्हतें. भाचा अकरावींत होता. लातुरांत अकरावी-बारावीचीं वर्षें म्हणजे काय, हें 'लातूर पॅटर्न' या शब्दांवरून मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसहि ठाऊक आहे. शिकवणीचे पाठ, सराव-परीक्षा, सारें पडद्यावर. तेव्हां यंत्र हवें होतें, आणि लवकर हवें होतें.

बाजारांतील एका दुकानदारानें दोन्ही यंत्रें पाहून निकाल देऊन टाकिला होता. "जुन्याचा बोर्ड गेला. दुसऱ्याचें विंडोज दहा याच महिन्यांत बंद झालें, तो आतां चालायचा नाहीं. दोन्ही द्या, आणि बदल्यांत नवा घेऊन जा." भाच्याचें मत याच्या अगदीं उलट. "मामा, तुम्ही फक्त हो म्हणा. व्हिडिओ पाहून मी दोन्ही घरींच उघडतों." अक्का कांहींच बोलली नाहीं. रात्रीं निजानीज झाल्यावर तिनें मला एकट्याला गांठून विचारलें, "त्या जुन्यांत ह्यांनीं मामंजींच्या आठवणी लिहून ठेवल्या होत्या. त्या निघतील का रे?"

मामंजी म्हणजे मेहुण्यांचे वडील. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थान मुक्त झालें, तेव्हां ते शाळकरी वयाचे होते. रझाकारांच्या धामधुमींतलें तें वर्ष त्यांनीं आपल्या डोळ्यांनीं पाहिलेलें. म्हातारपणीं ते सांगत गेले आणि मुलगा टंकित करीत गेला. कागदावर प्रत कोणीं काढली नाहीं. पुढें सांगणाराहि गेला आणि लिहिणाराहि गेला. लिहिलेलें जें कांहीं होतें तें त्या न उघडणाऱ्या काळ्या पेटींत होतें, आणि आम्ही ती पेटी नव्या यंत्राच्या किंमतींतून हजार-पांचशें रुपये कमी व्हावेत म्हणून देऊन टाकणार होतों!

तेव्हां यंत्र दुरुस्त होईल कीं नाहीं, घरीं करावें कीं बाहेर, हे सारे प्रश्न मागाहूनचे. जुन्या लॅपटॉपसंबंधीं पहिला प्रश्न एकच : त्याच्या पोटांत काय आहे, आणि तें दुसरीकडे कोठें आहे काय? याचें उत्तर मिळेपर्यंत त्याला दुकानदाराच्या हातींहि देऊं नये आणि भाच्याच्याहि.

येथें मला माझी स्वतःची फजिती सांगितली पाहिजे. नाहींपेक्षां पुढील उपदेशाचा अधिकार मला पोंचत नाहीं. नांदेडच्या उन्हाळ्यांत पारा ४२-४३ अंशांवर सहज जातो, आणि काळ्या मातीची बारीक धूळ खिडक्या लावल्या तरी आंत येते. असाच एका मे महिन्यांत माझ्या लॅपटॉपचा पंखा इतका घरघरूं लागला कीं, झोंप मोडावी. धूळ काढावी म्हणून मीं तो उघडला. धूळ निघाली, पंख्याच्या तोंडाशीं तिचा नमद्यासारखा थर बसला होता. परंतु वाटेंत कळफलकाची चपटी फीत आडवी येत होती. ही फीत ज्या खांचेंत बसते तिला केसाएवढी एक खिटी असते. ती आधीं नखानें उचलावयाची आणि मग फीत आपण होऊन सुटते. मीं खिटी पाहिली नाहीं. मीं फीत ओढली. एक बारीकसा आवाज झाला, आणि त्या दिवसापासून माझ्या यंत्रावर एकहि अक्षर उमटेना. नुसती धूळ काढावयास जें पडलें असतें त्याच्या चौपट पैसे ती खांच बदलण्यास पडले. पैसे घेतांना कारागिरानें मोठ्या सहानुभूतीनें विचारलें, "साहेब, बँकेंत आहांत का?"

त्या प्रश्नांतला खोंचकपणा मला अद्याप विसरतां आलेला नाहीं, कारण तो खोटा नव्हता. आपल्या पांढरपेशा घरांतून लेखणी धरणाऱ्या हातांना पेचकस धरण्याचा सराव नसतो. आणि सराव नाहीं हें कबूल करण्याचाहि सराव नसतो. पुस्तकी ज्ञानाच्या जोरावर आपण यंत्राला चीतपट करूं असा एक भ्रम मनांत असतो. व्हिडिओ हेंहि अखेर पुस्तकी ज्ञानच. फरक इतकाच कीं, त्यांतील पुस्तक हलतें. दाखविणाऱ्याच्या बोटांना किती जोर लागला हें पडद्यावर दिसत नाहीं, आणि खरी विद्या त्या जोरांतच असते.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही तिघेंजण जुन्या यंत्राभोंवतीं बसलों. पुष्कळ कंपन्या आपल्या यंत्रांच्या दुरुस्ती-पुस्तिका इंटरनेटवर फुकट ठेवितात. डेल, एचपी आणि लेनोव्हो यांच्या तर सहज मिळतात. व्हिडिओपेक्षां ही पुस्तिका शतपटीनें बरी. कोणता स्क्रू कोठला, कोणत्या फितीस खिटी आहे, कोणता भाग आधीं काढावयाचा, हें तींत चित्रांसह असतें. मीं भाच्याला एक पुठ्ठा दिला व त्यावर यंत्राच्या पाठीचा आकार काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या त्याच्या जागीं टोंचून ठेवावयास सांगितलें. स्क्रू सारे सारखे दिसतात, पण कांहीं आंखूड असतात व कांहीं लांब. लांब स्क्रू आंखूड्याच्या जागीं पिळला तर तो खालच्या बोर्डांत घुसतो, आणि मग दुकानदाराचें भाकीत आपण स्वतःच खरें करून दाखवितों. विजेची तार काढली, बॅटरी काढली, सुरू करण्याचें बटण कांहीं क्षण दाबून धरलें, आणि मग पाठ उघडली.

डिस्क काढणें हें काम खरोखर घासण्यासारखें आहे. जुन्या यंत्रांत ती अडीच इंची चपटी डबी असते. दोन-चार स्क्रू काढले कीं सरकून बाहेर येते. डिस्क यूएसबीला जोडण्याची एक तार बाजारांत मिळते, तिनें ती दुसऱ्या यंत्राला जोडली कीं झालें. एक पथ्य मात्र आहे. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर पुन्हा पुन्हा चालवून पाहूं नये. आंतील सुई तबकडीवर आपटत असण्याचा संभव असतो, आणि प्रत्येक प्रयत्नागणिक कांहींतरी खरवडलें जातें. तशी डिस्क घरच्याच काय, गल्लींतल्या कारागिराचीहि नव्हे. केवळ माहिती काढण्याचेंच काम करणारे लोक मोठ्या शहरांतून असतात, त्यांच्याकडे ती पाठवावी. आमची डिस्क मुकाट्यानें फिरूं लागली. शेजाऱ्यांच्या संगणकावर तिच्यांतील सारें उतरून घेतलें, आणि त्याची आणखी एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून अक्कानें ती दागिन्यांच्या डब्यांत ठेविली.

'आठवणी' या नांवाची फाईल सांपडली. उघडली तों पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा नुसता काला! अक्काचा चेहरा उतरला. परंतु हा दोष डिस्कचा नव्हता. मेहुणे 'श्रीलिपी'वर लिहीत असत. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वीं आपल्याकडील छापखाने, कचेऱ्या आणि मास्तरमंडळी अशाच टंकांवर मराठी लिहीत. त्यांत 'क' हें अक्षर यंत्राच्या लेखीं 'क' नसून कुठलेंसें रोमन चिन्ह असतें, आणि तो विशिष्ट फॉन्ट असेल तरच तें 'क' सारखें दिसतें. तो फॉन्ट जुन्या डिस्कवर विंडोजच्या फॉन्टांत निवांत पडून होता. तो उचलून बसविला, आणि त्या काल्यांतून ओळीमागून ओळी मराठी होत गेल्या. ज्यांच्या घरांत १९९५ ते २०१० च्या सुमाराचें मराठी लेखन संगणकावर आहे, त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें : फाईलीबरोबर फॉन्टहि उतरून घ्यावा. "फॉरमॅट करून देतों" असें म्हणणारा माणूस दोन्ही पुसतो, आणि त्याचा त्यांत कांहीं अपराधहि नसतो. त्याला कोणीं सांगितलेलें नसतें. पुढें असलें लेखन युनिकोडमध्यें पालटून घेण्याचीं साधनें आहेत, तीं जरूर वापरावींत.

असो. डिस्क सुखरूप बाहेर आल्यावर मीं भाच्याला म्हटलें, "आतां तुला काय करायचें तें कर." त्यानें मेमरीची पट्टी काढली, तिच्या सोनेरी दांतांवरून खोडरबर हलक्या हातानें फिरविलें, झटकून पुसून ती परत बसविली, आणि जो यंत्र सुरू करून पाहतो तों दुकानदारानें मृत ठरविलेला तो लॅपटॉप उजळला! दांतांवर हवेनें व दमटपणानें एक पातळ पुट चढतें व संबंध तुटतो. इतकेंच झालें होतें. हें खोडरबर प्रत्येक वेळीं चालतें असें नाहीं. पण बोर्ड गेला असें ऐकून घेण्यापूर्वीं तें फिरवून पाहण्यास चार आणेहि लागत नाहींत. भाचा दिवसभर तरंगत होता.

हें तरंगणेंच मला धोक्याचें वाटलें, आणि तें तसें होतेंहि. संध्याकाळीं त्यानें दुसरा लॅपटॉप पुढें ओढला. त्याचा बोटें फिरविण्याचा चौकोन एका कडेनें वर आला होता. भाच्यानें तो आंगठ्यानें खालीं दाबून दाखविला. "मामा, असं दाबलं कीं चालतं." मीं त्याचा हात धरला.

लॅपटॉपचें झांकण मिटत नाहीं, तळ टेबलावर टेंकत नाहीं, बोटांचा चौकोन वर येतो, या तिन्हींचा अर्थ पुष्कळदां एकच असतो : आंतील लिथियमची बॅटरी फुगली आहे. तिच्यांतील द्रव विघटन पावून वायु झालेला असतो व तो त्या पाकिटांत कोंडलेला असतो. उष्णता आणि दिवसरात्र चार्जरला जोडून ठेवण्याची संवय या दोहोंनीं हें लवकर घडतें, आणि मराठवाड्यांत दोहोंचीहि वाण नाहीं. अशी बॅटरी दाबली, वांकविली, पेचकसानें उचकटली व त्यांत तिचा पापुद्रा फाटला, तर ती पेट घेते. आणि ती आग पाण्याच्या तांब्यानें विझणारी नसते. ही कल्हई होय. येथें घरचा हात थांबला पाहिजे. यंत्र बंद करावें, चार्जर काढावा, व तें न दाबतां जाणत्या कारागिराकडे न्यावें.

आम्ही नेलें तें एका वृद्ध गृहस्थाकडे. पूर्वीं ते रेडिओ व टेपरेकॉर्डर दुरुस्त करीत. त्यांनीं दहा मिनिटांत ती बॅटरी बाहेर काढली, आणि नवी अस्सलच घ्या म्हणून बजावलें. ती लातुरांत मिळाली नाहीं. नांदेडकरांची सामानासाठींची धांव हैदराबादेकडे असते आणि लातूरकरांची पुण्याकडे. संस्थान जाऊन इतकीं वर्षें झालीं तरी रस्त्यांची ओढ कायम आहे. पुण्याहून बॅटरी येण्यास आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत राहिलेलें काम घरींच केलें. जुनी फिरती डिस्क काढून तिच्या जागीं एसएसडी बसविली. फिरत्या डिस्कची तबकडी मिनिटास ५४०० फेरे घेते व तिच्यावरून सुई धांवत असते. एसएसडींत हलणारें असें कांहींच नाहीं, आणि म्हणूनच मंदावलेल्या यंत्राला तिच्याइतका गुण दुसऱ्या कशानेंहि येत नाहीं. चार जीबी मेमरीच्या जोडीस आणखी चार बसविली. मेमरी घेतांना आपल्या यंत्राची जात पाहून घ्यावी. डीडीआर-३ ची पट्टी २०४ टोंकांची व डीडीआर-४ ची २६० टोंकांची असते, एक दुसरीच्या खांचेंत बसत नाहीं. अलीकडील कित्येक सडपातळ लॅपटॉपांत तर मेमरी बोर्डावरच डाख देऊन चिकटविलेली असते. तेथें बोलणेंच खुंटलें. या यंत्रांतहि ती फीत होतीच. या खेपेस मीं दूर उभा राहिलों. खिटी अक्कानें उचलली. गेलीं चाळीस वर्षें वाती वळणाऱ्या व क्रोशाच्या सुईनें जाळ्या विणणाऱ्या बोटांना तें काम अगदींच किरकोळ वाटलें.

आणि तें बंद पडलेलें विंडोज? दुकानदाराचें बोलणें अर्धें खरें होतें. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. याचा अर्थ यंत्र बंद पडतें असा नाहीं. सुरक्षिततेच्या नव्या दुरुस्त्या येणें थांबतें. घरगुती ग्राहकांना वाढीव दुरुस्त्यांची सोय कंपनीनें १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर केली. शिवाय विंडोज ११ ला इंटेलची साधारणतः आठवी पिढी किंवा पुढची व टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते. २०२० च्या त्या लॅपटॉपांत दहावी पिढी होती, म्हणजे तो विनामूल्य वर चढण्यास पात्रच होता, व तो चढलाहि. २०१३ च्या यंत्राला ती पायरी नाहीं. त्याच्यावर उबुंटू अथवा लिनक्स मिंट बसवितां आलें असतें. पण श्रीलिपीच्या फाईली पाहण्यापुरता तो आहे तसाच, इंटरनेट तोडून, अक्काच्या खोलींत ठेविला. त्यावर बँकेचें काम करावयाचें नाहीं, हें भाच्यानें कागदावर लिहून झांकणाला चिकटविलें आहे.

घरीं न करण्याच्या आणखी दोन-तीन गोष्टी सांगून टाकतों. चार्जरची पेटी कधींहि फोडूं नये. आपली घरची वीज २३० व्होल्टांची म्हणतात, परंतु त्या पेटींत ती सुमारें ३२५ व्होल्टांपर्यंत सांठविली जाते व तार काढल्यावरहि कांहीं काळ तेथें दबा धरून असते. दुसरा, तितक्याच व्होल्टांचा व तशाच टोंकाचा चार्जर उसना लावून पाहावा. 'मेलेले' लॅपटॉप कित्येकदां एवढ्यानेंच उठतात. चहा सांडल्यास यंत्र तत्काळ बंद करून पालथें घालावें आणि कारागिराकडे न्यावें. तांदळाच्या डब्यांत पुरण्याचा जो तोडगा आहे त्यानें साखर निघत नाहीं, आणि बोर्ड खाते ती साखरच. डाखकामहि आपलें नव्हे.

खर्चाचे आंकडे मी देत नाहीं, ते महिन्यागणिक बदलतात. माझा हिशेब इतकाच कीं, एकंदर खर्च तशाच चालत्या जुन्या यंत्राच्या किंमतीच्या तिसऱ्या हिश्श्यावर जाऊं लागला कीं हात आंवरावा. मात्र नवें घेतांना तें उघडतां येतें कीं नाहीं हें प्रथम विचारावें. फ्रान्समध्यें जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपच्या किंमतीशेजारीं त्याच्या दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकीं गुण लिहावे लागतात. आपल्याकडेहि केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानें जुलै २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्कासाठीं समिती नेमली होती. ज्या लातुरानें २०१६ च्या उन्हाळ्यांत मिरजेहून रेल्वेनें आलेलें पाणी मोजून वापरलें, तेथील गिऱ्हाइकांना वस्तु पुरवून वापरण्याचें महत्त्व कोणी शिकवावयास नको. पण दुकानांत शिरल्यावर हा प्रश्न विचारणारा मला अजून भेटावयाचा आहे.

एक गोष्ट मात्र आम्हांला नीट उलगडली नाहीं. ती फुगलेली बॅटरी त्या वृद्ध कारागिरानें "राहूं द्या इथंच" म्हणून मागितली होती. त्यांच्या दुकानाच्या कोंपऱ्यांत तसल्याच बॅटऱ्यांचें एक गोणपाट होतें, व त्यावर ऊन येत होतें. तें पाहून मीं ती परत मागून घेतली. २०२२ च्या नियमांप्रमाणें जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची वाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. आम्हांला सांगण्यांत आलेलें संकलन-केंद्र पुण्याचें निघालें; टपालानें पाठवूं म्हटलें तर लिथियमची फुगलेली बॅटरी आहे हें ऐकतांच टपालवाल्यानें हात मागें घेतला, आणि तें त्याचें चुकलें असें म्हणवत नाहीं. एस. टी.च्या गर्दींत मांडीवर घेऊन ती नेण्याची माझी छाती नाहीं. तूर्त ती पत्र्याच्या डब्यांत, वाळूंत पुरून, अक्काच्या गच्चीवर सांवलींत ठेविली आहे. अक्का रोज सकाळीं तुळशीला पाणी घालतांना त्या डब्याकडे पाहते, आणि फोनवर मला विचारते, "पुण्याला कोणाची मोटार जाते आहे का रे?"